बस भरली म्हणजे किती भरली? मागच्या एक्सलवरचं वजन कसं काढायचं आणि कसं आवरायचं

शुक्रवारी दुपारी गोव्यात म्हापशाच्या स्टँडवर उभे राहा आणि सुटणारी बस बाजूने बघा, मागून बघू नका. बाजार करून निघालेली माणसं, पायाशी पिशव्या, शेवटच्या बाकाखाली नारळाची पोती, टपावर केळीचे घड. मागच्या मडगार्डची कड टायरच्या किती जवळ आलीय ते बघा. सकाळी रिकाम्या गाडीला तिथे चार-पाच बोटं सहज जातात, आता दोनसुद्धा जात नाहीत, शेपूट खाली आणि तोंड वर. ड्रायव्हर लोक म्हणतात गाडी मागून बसली. ही बसलेली गाडी म्हणजे काय, किती बसली, आणि ती बसू नये म्हणून काय करायचं हे इथे लिहितोय. आमच्या घरात वीसेक वर्षं एक मिनीबस होती, साखळी-डिचोली-म्हापसा लाइनवर, मी कॉलेजात असताना सुट्टीला तिच्यावर कंडक्टर म्हणून जायचो, त्यामुळे यातलं बरंचसं हाताने केलेलं आहे. बसमालकांना उपयोग होईल, आणि गावच्या पंचांना, ग्रामसभेला जाणाऱ्या पोरांनाही होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्याकडे ट्रकचं वजन होतं, बसची फक्त डोकी मोजतात. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ११३ सगळ्याच गाड्यांना लागू आहे, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजनाची गाडी रस्त्यावर चालवायची नाही, मग ती ट्रक असो की बस. पण रस्त्यात अडवून काट्यावर न्यायचा अधिकार देणारं जे कलम ११४ आहे ते मालवाहू गाडी आणि ट्रेलरबद्दल बोलतं. त्यामुळे बसला कोणी काट्यावर नेत नाही. बसच्या बाबतीत बघतात ते कलम १९४अ, परमिटपेक्षा जास्त प्रवासी, माणशी २०० रुपये दंड, आणि जास्तीची माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय केल्याशिवाय गाडी हलवायची नाही. डोकी मोजणं चुकीचं नाही, पण डोक्यांच्या आकड्यात पोती येत नाहीत, टप येत नाही, आणि मुख्य म्हणजे वजन गाडीत कुठे पडलंय ते येत नाही. म्हणून बसचं वजन हे काम मालकाने स्वतःच करायचं असतं, दुसरं कोणी करणार नाही.

आता कागद काढा. आरसीवर चार आकडे शोधायचे: रिकामं वजन, एकूण भरलेलं वजन, पुढच्या आणि मागच्या एक्सलचं (दोन्ही अंगांची चाकं ज्यावर बसतात तो आडवा दांडा) वजन, आणि टायरचा साइज. परमिटवर बसून किती आणि उभे किती हे असतं. परमिट देणाऱ्याला कलम ७२ खाली आणखी एक अट घालता येते जी फार कमी लोकांना माहीत असते, ती म्हणजे सामानाचं जास्तीत जास्त वजन, आणि तीसुद्धा कायमची किंवा ठरावीक दिवसांपुरती, ठरावीक मोसमापुरती. तुमच्या परमिटवर सामानाची अट आहे की नाही ते एकदा वाचा, मी दहा-बारा जणांना विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. गाडीच्या डाव्या अंगावर रंगवलेले वजनाचे आकडे पुसट झाले असतील तर तेही परत रंगवून घ्या, पासिंगच्या वेळी धावपळ नको.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. २०१८ च्या जुलैत केंद्राने एक्सलची मर्यादा वाढवली, चार टायरच्या एक्सलला १०.२ टनांचे ११.५ केले. तेव्हापासून बरेच जण म्हणतात आता चालतं, मर्यादा वाढली. ती कायद्याची वरची रेघ आहे हो, तुमच्या गाडीची ताकद नव्हे. मिनीबसचा एक्सल, पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक हे कंपनीने जेवढ्यासाठी बनवलेत तेवढंच आरसीवर आहे आणि तोच आकडा तुमचा.

मग काट्यावर जायचं. डिचोली-उसगावकडे खाणींच्या काळापासून वजनकाटे आहेत, भंगारवाल्यांकडे असतात, रेती-खडीवाल्यांकडे असतात, ओळख काढून एक सकाळ गाठा. दोनदा जायचं, एकदा रिकामी गाडी टाकी फुल करून, आणि एकदा भरलेली. भरलेली म्हणजे खरीखुरी माणसं नेता येणार नाहीत, तेव्हा रेतीची पोती सीटवर ठेवा, एका माणसाला ६८ किलो धरून, बसच्या हिशेबात तोच आकडा धरतात. काट्यावर तीन वजनं घ्या: अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. एक्सलचं वजन घेताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि गाडी सरकू नये म्हणून चाकाला लाकडाचा ठोकळा, कारण ब्रेक लावून उभी केली तर आकडा खोटा येतो. पुढचं अधिक मागचं केलं की अख्ख्या गाडीच्या आकड्याजवळ यायला पाहिजे. फार फरक पडला तर काट्याचा प्लॅटफॉर्म आणि पुढची-मागची जमीन एका लेव्हलला नाही, दुसरा काटा बघा.

रिकामं वजन आरसीपेक्षा जास्त आलं तर दचकू नका, पण कारण शोधा. जाड पत्रा, टपावरचं लोखंडी कॅरियर, मागची शिडी, पुढचं भलंमोठं बंपर, नंतर ठोकलेली जास्तीची सीट, हे सगळं शेकड्यांनी किलो होतं आणि ते रोज प्रत्येक खेपेला फुकट वाहायचं. आमच्या गाडीचं कॅरियर काढलं तेव्हा वडील दोन दिवस नाराज होते, गिऱ्हाईक जाईल म्हणून. गेलं नाही.

आता हिशेब. उदाहरणाला एक मिनीबस धरा, रिकामं वजन ४,४०० किलो, आरसीवर एकूण ६,९०० किलो. म्हणजे जागा २,५०० किलोची. ६८ ने भागा, ३६ माणसं आली, त्यात ड्रायव्हर-कंडक्टर धरून. आता हीच गाडी सकाळी साडेसातला बत्तीस बसलेली आणि वीस उभी माणसं घेऊन निघाली, वर ते दोघे, चोपन्न झाले, ३,६७२ किलो. एकूण ८,०७२. सव्वा टनाच्या आसपास जास्त, आणि अजून एक पोतं चढलेलं नाही. हा हिशेब वहीत आपल्या गाडीचे आकडे घालून करा, दहा मिनिटं लागतात, आणि तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवा, ड्रायव्हरच्या समोर.

पण खरी गंमत एकूण वजनात नाही, मागच्या बाकात आहे, आणि हा भाग नीट वाचा कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो भाग लोंबतो त्यावर ठेवलेलं वजन मागच्या एक्सलवर जेवढ्यास तेवढं पडत नाही, जास्त पडतं. सी-सॉसारखं, मागचा एक्सल मध्ये, शेपटीवर दाबलं की तोंड उचलतं, आणि तोंडाचं उचललेलं वजनही मागच्याच एक्सलवर येतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये ४.२ मीटर अंतर धरा आणि शेवटचं बाक मागच्या एक्सलच्या २ मीटर मागे धरा. बाकावर सहा माणसं, ४०८ किलो. ४०८ ला २ ने गुणा, ४.२ ने भागा, १९४ येतात. म्हणजे पुढचा एक्सल १९४ किलोने हलका झाला आणि मागच्यावर ४०८ अधिक १९४, ६०२ किलो चढले. सहा माणसांनी जवळजवळ नऊ माणसांचं वजन टाकलं, आणि वर स्टिअरिंगच्या चाकांवरचा भार काढून घेतला. पावसात डिचोलीच्या चढावर स्टिअरिंग हलकं का लागतं याचं उत्तर हेच. आणि आपण पोती कुठे ठेवतो? शेवटच्या बाकाखाली. मागची डिकी असलेल्या गाड्यांत तर त्याच्याही मागे.

आमच्यावर हे चतुर्थीच्या आधल्या दिवशी आलं. म्हापशाला माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचा, बाजार, लोकांच्या हातात सुपाऱ्यांचे कातरे, कांगलां, तोरिंगं, काकड्या, नारळ, कोणाला नाही म्हणायचं, वर्षाचा सण. मी दाराशी होतो आणि मीच घेत गेलो. अस्नोड्याच्या पुढे खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि फटाका फुटल्यासारखा आवाज आला, डाव्या बाजूच्या मुख्य पाट्याचे दोन तुकडे. गाडी एका अंगावर कलंडून साइडपट्टीवर थांबली. कोणाला लागलं नाही ही देवाची कृपा, पण एक आजी माटोळीची फळं मांडीवर धरून दोन तास पावसात माझ्या छत्रीखाली बसल्या होत्या आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते मला अजून आठवतं. त्या दिवशी तिकिटं मोजली तर माणसं परमिटपेक्षा फक्त आठ जास्त होती. पाटा आठ माणसांनी नाही तुटला, तीस-पस्तीस पोती आणि पिशव्या मागे कोंबल्या होत्या त्याने तुटला.

तेव्हापासून आम्ही जे करत होतो ते सांगतो. जड सामान दोन एक्सलच्या मध्ये, सीटखाली, पुढच्या बाजूला, टपावर काहीही नाही. टपावरचं वजन गाडीचा तोल वर नेतं, वळणावर झोका वाढतो, शिवाय माल ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर कलम १९४ मध्ये त्यालाही २०,००० रुपये दंड लिहिलाय. उभे प्रवासी मागून भरू द्यायचे नाहीत, कंडक्टरने मधल्या भागात उभं करायचं, आणि मागचं बाक सगळ्यात शेवटी भरायचं. पोत्याला माणसाएवढी जागा मोजायची: १०० सोललेले नारळ म्हणजे ६० किलोच्या आसपास, एक प्रवासी झाला, तेवढा एक माणूस कमी घ्यायचा. लोक सुरुवातीला भांडतात, आठवड्याभरात सवय होते. आणि मडगार्डवर खडूने एक खूण करून ठेवायची, काट्यावर बरोबर भरलेल्या वजनाला टायर आणि मडगार्डमध्ये जेवढं अंतर राहिलं होतं तेवढी. स्टँडवरून सुटताना कंडक्टरने खाली वाकून ती खूण बघायची. पाटे जुने झाले की खूण परत करावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

टायरचंही बघा. टायरच्या अंगावर साइजनंतर १४६/१४३ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा एकट्या टायरसाठी, दुसरा जोड टायरसाठी. मोठ्या बसच्या टायरवर १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५ किलो. मागे चार टायर असले तर चार गुणिले २,७२५, म्हणजे १०,९०० किलो, त्यापुढे टायर पेलणार नाही, मग कायद्याने ११.५ टन म्हणू दे. जास्त वजनाला जास्त हवा मारायची सवय सोडा, त्याने टायर रस्त्याला टेकतो ती जागा लहान होते, रस्त्यावर दाब वाढतो आणि खड्ड्यात टायर फुटतो. हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची.

आता रस्त्याकडे वळू, कारण गावातली तक्रार तिथून सुरू होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये खास रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवत ठेवून एक मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला नियम जगभरचे रस्ते इंजिनिअर वापरतात: रस्त्याचं नुकसान एक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आपल्या रस्त्यांच्या डिझाइनमध्ये ८.१६ टनांचा एक्सल हा माप म्हणून धरतात. मोठ्या बसचा मागचा एक्सल १० टनांचा झाला तर नुकसान सव्वापट नाही, सव्वादोनपट. ११.५ टनांचा झाला तर जवळजवळ चौपट. आणि अर्ध्या-पाऊण टनाचा एक्सल असलेल्या मोटारींनी तेवढंच नुकसान करायचं म्हटलं तर हजारोंनी मोटारी लागतील. कुडचडे, सावर्डे, केपे बाजूच्या लोकांना हा नियम शिकवायला नको, खाणीच्या ट्रकांनी त्यांचे रस्ते कसे झाले होते ते त्यांनी पाहिलंय.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मिनीबस रस्त्याची मोठी शत्रू नाही. साडेचार टनांच्या एक्सलचं नुकसान त्या मापाच्या दहाव्या हिश्श्याएवढंच भरतं. मिनीबस जास्त भरली तर धोका ब्रेकचा आणि पाट्यांचा, आतल्या माणसांचा. रस्त्याचा प्रश्न मोठ्या बसचा आहे, लांबच्या मार्गावरच्या, आणि आता इलेक्ट्रिक बसचा. कदंबच्या, म्हणजे आपल्या सरकारी बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस आल्या हे चांगलंच झालं, धूर नाही आवाज नाही, पण बॅटरीचं वजन टनांत असतं, ते बस रिकामी असली तरी रस्त्यावर असतंच. म्हणून अशी बस गावातल्या आतल्या रस्त्यावर घालायच्या आधी त्या रस्त्याखालची मोरी बघितली पाहिजे, हे मी विरोध म्हणून म्हणत नाही, आमच्याही गावात ती यावी म्हणूनच म्हणतो.

रस्ता सगळ्यात आधी कुठे खचतो ते बघा: स्टॉपवर. चालत्या चाकापेक्षा थांबलेलं चाक डांबराला जास्त दाबतं, आणि ब्रेक मारताना डांबर पुढे ढकललं जातं, म्हणून स्टॉपसमोर लाटांसारख्या घड्या पडतात. त्यात आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गटार तुंबलं की पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं, खालची माती मऊ होते आणि मग नियमात बसणारी बससुद्धा रस्ता दाबते. तेव्हा साबांखाला (सार्वजनिक बांधकाम खात्याला) अर्ज करताना फक्त "खड्डे बुजवा" लिहू नका, ते दर ऑक्टोबरला बुजवतात आणि जूनला परत पडतात. लिहा की अमुक स्टॉपवर बस थांबते तेवढी लांबी काँक्रीटची किंवा पेव्हरची करून द्या आणि बाजूचं गटार मोकळं करा. हे छोटं काम आहे, मंजूर व्हायला सोपं जातं.

आणि मोरी किंवा जुना साकव असेल तर वाट बघू नका. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला ते मोठ्या माणसांना विचारा, पणजी-बेतीच्या फेरीबोटीच्या रांगा त्यांना आठवत असतील. तो बसच्या वजनाने पडला नव्हता, आतल्या तारा गंजल्या होत्या, पण म्हणूनच सांगतो, गंज बाहेरून दिसत नाही. जुवारीच्या जुन्या पुलावर अवजड गाड्यांना वर्षानुवर्षं बंदी होती ती याच काळजीने. गावच्या मोरीला तपासणी आणि वजनाचा फलक मागणं हा तुमचा हक्क आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर ठरावीक वजनाच्या गाड्यांना बंदी घालता येते, बंदी एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रात छापायचीही गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी दिली की पुरे. कलम ११६ खाली फलक लागतो. म्हणजे पावसाळ्यात पंधरा दिवस मोरी दुरुस्तीला मोठी बस दुसऱ्या वाटेने वळवायला काहीच अडचण नाही, कोणीतरी मागितलं पाहिजे.

मागायची पद्धत अशी. रविवारच्या ग्रामसभेत ठराव मांडा, एका पानाचा. त्यात मोरीची जागा ओळखीच्या खुणेने लिहा, रस्ता कोणत्या खात्याचा ते लिहा, कोणत्या वेळेला कोणत्या बस जातात ते लिहा, दोन फोटो लावा, एक बाजूने बसलेल्या गाडीचा आणि एक मोरीच्या भेगेचा. फोटोत गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा चेहरा नको, भांडण माणसाशी नाही. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, वाहतूक खात्याला आणि साबांखाला, प्रत्येकाकडून पोच घ्या. त्या मार्गाच्या परमिटच्या अटी काय आहेत हे माहिती हक्काखाली दहा रुपयांत मागता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अटी हातात असल्या की बोलणं सोपं होतं.

पण हे करताना बसमालकाला आणि ड्रायव्हरला आधी भेटा, मनापासून सांगतो. सकाळी साडेसातच्या गाडीत चोपन्न माणसं चढतात कारण पुढची गाडी पावणेनऊला आहे, कामाला जाणारी बाई थांबणार कशी? दंड वाढवून ती गर्दी जात नाही. तेव्हा ठरावात दुसरी मागणी जोडा, त्या वेळेला आणखी एक खेप. चतुर्थीच्या आधीचे दिवस, जुन्या गोव्याचं फेस्त, शिरगावची लईराईची जत्रा, या दिवसांना जादा गाड्यांची मागणी महिनाभर आधी करा, आणि बाजाराच्या दिवशी सामानासाठी एक पिकअप पंचायतीने किंवा मालकांनी मिळून ठरवला तर बसमागचं ओझं निम्म्याने उतरतं. आमच्या लाइनवर चार मालकांनी मिळून दोन चतुर्थींना असा टेम्पो लावला होता, पोत्यामागे ठरलेले पैसे घ्यायचे, स्टॉपवर नाव पुकारून पोतं द्यायचं.

मालकाला पैशाचा हिशेब पटतो तोही सांगून ठेवा. वजनाच्या गुन्ह्याला कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० असं लिहिलंय, आणि अपघात झाला, आरसीपेक्षा जास्त वजन निघालं तर विम्यापासून कोर्टापर्यंत सगळीकडे तोच आकडा समोर येतो. दंड नाही झाला तरी मुख्य पाटा, ब्रेकची लायनिंग, क्लच प्लेट, टायर, हे महिन्याला किती खातात ते वहीत लिहा. आम्ही मागचं बाक शेवटी भरायला लागल्यावर पाट्यांचं काम वर्षातून तीनदा व्हायचं ते एकावर आलं.

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही. उद्या सकाळी फक्त आरसी काढा, चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, रिकाम्या गाडीच्या मागच्या मडगार्डखाली बोटं घालून अंतर मोजा आणि तेही लिहा. मग शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या खेपेला, माणसं उतरायच्या आधी, तिथेच परत बोटं घालून बघा.